पळत्या जहाजांच्या वाटेत

ती चित्रफीत, पोरांनो, तुम्हीही तिकडे पाहिली असेल. विमानातून दिसावा तसा करडा समुद्र, त्यावर पाच लांबट ठिपके, प्रत्येकामागे पांढरी रेघ. मग एका ठिपक्याभोवती लाल वर्तुळ येतं, वर्तुळातलं सगळं एकदम पांढरं होतं आणि चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मूळ चित्राला आवाज नव्हता. आमच्या टीव्हीवाल्यांनी त्याला नगारे जोडले होते. शत्रूच्या युद्धनौका पहाटे बंदरातून निसटून खुल्या समुद्राकडे पळत होत्या, त्यांना वरून विमानांनी आणि समुद्रातून क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या नौकांनी गाठलं, असं निवेदक सांगत होता. शत्रू कोणाचा, ते तो सांगत नव्हता. लढणारा एकही देश आपला नव्हता. पण त्याच्या आवाजावरून वाटावं, बडनेऱ्याच्या वेशीवर काही जिंकलं गेलं आहे.

चित्राच्या उजव्या कोपऱ्यात एक आखूड, जाड ठिपका होता. त्याच्यामागे रेघ नव्हती, म्हणजे तो उभा होता. पळणाऱ्या ठिपक्यांतला शेवटचा त्याच्या अगदी जवळ यायचा आणि नेमकं तिथेच चित्र तोडलेलं होतं. लाल वर्तुळाला त्या जाड ठिपक्याशी काही घेणं नव्हतं. तुमची मामी आणि मी मात्र तेवढाच पाहत होतो, कारण त्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांपैकी एकावर तुमचा मामा, माझा मुलगा, होता.

तुम्ही त्याला पाहता तेव्हा तो सुट्टीवर असतो, म्हणून तुम्हाला तो झोपाळूच आठवत असेल. वर्षातले बरेच महिने तो जहाजाच्या इंजिनखोलीत असतो, सेकंड इंजिनिअर म्हणून. त्या खेपेला जहाजात सिमेंट होतं. बंदरात जागा मिळेना म्हणून रांगेत उभे होते. किनाऱ्यावरच्या शहरात लढाई सुरू झाल्यावरही तो फोनवर निर्धास्त होता. म्हणाला, आमचा झेंडा तिसऱ्याच देशाचा आणि पोटात सिमेंट. सिमेंटवर कोण बॉम्ब टाकतो? मामी हसली होती. मीही हसले असेन.

अमरावतीहून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र लवकर भेटत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेली माणसं बोटावर मोजण्याइतकी होती. त्याच गल्लीतल्या बायका आता माझ्या बैठकीत बसून आखात, सामुद्रधुनी असे शब्द बोलत होत्या. मी अनेक वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे परदेशी वाहिनी लावून त्याचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. काकू, काय म्हणून राहिले ते, असं प्रत्येक जण विचारायचा. मी सांगायची. मला त्यातला शब्द न् शब्द कळत होता आणि त्या सगळ्यातून काहीही कळत नव्हतं. युद्धनौकांची लांबी सांगत होते, त्यांच्यावरच्या तोफा सांगत होते, त्या कोणत्या साली बांधल्या तेही सांगत होते. मालवाहू जहाजांबद्दल एवढंच, की काहींना झळ पोचल्याचं समजतं.

मामीच्या फोनमध्ये जहाजांचा नकाशा होता. त्यावर मामाचं जहाज म्हणजे एक निळा बाण. लढाईच्या भागात जहाजं आपली खूण देणारं यंत्र बंद करतात, असं त्याने आधी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे बाण जिथे होता तिथेच राहिला. ती त्या दिवसांत कॉलेजला शिकवायला गेली नाही. बोटाने फोनचा पडदा खाली ओढायची, सोडायची. बाण तिथेच. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतली मुलगी अतिशय सभ्य होती. काही कळलं की लगेच कळवतो मॅडम, असं प्रत्येक वेळी म्हणायची. शेवटी मलाच तिची दया यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मामीचे वडील बाळापूरहून गाडी घेऊन आले. ते शेतकरी माणूस. बोलतात थोडं आणि मोठ्याने. त्यांनी टीव्हीवर ती चित्रफीत एकदा पाहिली आणि उठून टीव्ही बंद केला. मुलीला म्हणाले, "हे पाहून काय होऊन राहिलं? तो त्याच्यात दिसनार हाये का तुले?" मग त्यांनीच थोड्या वेळाने पुन्हा लावला.

त्याच आठवड्यात महालक्ष्म्या होत्या. तुम्ही लहान असताना एकदाच आला होता, तेव्हाचं आठवत असेल तर आठवत असेल. भाद्रपदात तीन दिवस ज्येष्ठा आणि कनिष्ठा घरी येतात. पत्र्याच्या कोठ्यांना साड्या नेसवून वर मुखवटे बसवायचे, वर फुलोरा टांगायचा, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य, तिसऱ्या दिवशी निरोप. आपल्या घराण्याच्या महालक्ष्म्या अकोल्याला, तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाच्या घरी बसतात. आजोबा गेल्यावरही मी तो नेम चुकवला नाही. सगळं कुटुंब त्या दिवशी तिथे असतं, कोणी आग्रह करावा लागत नाही.

घरात सुतक असेल तर महालक्ष्म्या बसत नाहीत. आणि एखाद्या वर्षी त्या राहिल्या की पुढे काही ना काही आड येतच जातं, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून त्या वर्षी प्रश्न होता तो न विचारण्यासारखा होता. मोठ्या जाऊबाईंनी तो विचारला नाही. त्यांनी भाऊजींना फोन करायला लावला.

भाऊजी, म्हणजे आजोबांचे तेच थोरले भाऊ, जुने वकील. आजोबांचे वडील भिक्षुकी करायचे, त्यामुळे त्यांना धर्मशास्त्रही येतं आणि दोन्हींत त्यांची भाषा एकच असते. ते मला म्हणाले, लांबच्या ठिकाणचं सुतक घडल्यापासून नसतं, बातमी कानावर आल्यापासून असतं. बातमी आलेली नाही. म्हणजे सुतक नाही. "आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून नाही बोलून राहिलो. नियम तसाच आहे."

मला बरं वाटलं. नियम असला की मला बरं वाटतं, हे तुमच्या आईला विचारा. महालक्ष्म्या बसवायच्या म्हणजे तो आहे असं धरून चालायचं, आणि मला तेच तर हवं होतं. मामीला विचारलं तर म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. तिच्या वडिलांनी आम्हा दोघींना अकोल्याला सोडलं आणि स्वतः बाळापूरला न जाता तिथेच थांबले. भाऊजींच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडीपाशी खुर्ची टाकून ते तीन दिवस बसून होते.

जाऊबाई वाईट बाई नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी मामाला लहानपणी माझ्यापेक्षा जास्त खाऊ घातलं आहे. मामाने बाळापूरच्या शेतकऱ्याची मुलगी केली तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी मामीला जवळ बसवून स्वतः तिच्या कपाळाला कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. कनिष्ठेचा मुखवटा दारातून आत आणायचा मान तिला दिला. मामीने तो दोन्ही हातांत धरला, कुंकवाच्या पावलांवरून चालत आणला, मधे कुठेही थांबली नाही. बायका तिच्याकडे पाहत होत्या आणि मुखवट्याकडे पाहत असल्यासारखं दाखवत होत्या.

पण भाऊजींच्या नियमातून जाऊबाईंनी पुढचा अर्थ काढला, जो भाऊजींनी काढला नव्हता. बातमी कानावर आली तर सुतक. तर मग तिसऱ्या दिवशी मुखवटे हलेपर्यंत ती कानावर येऊ द्यायची नाही. पूजेच्या दिवशी सकाळी त्यांनी परातीत सगळ्यांचे मोबाइल गोळा केले. सोवळ्यात फोन नको, असं कारण दिलं. ते कारण दरवर्षीचंच होतं, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. माझाही दिला मी. हात पुरणात होते, जाऊबाईंनी माझ्या कमरेच्या पिशवीतून काढून घेतला. मामीने दिला नाही. तेव्हा जाऊबाई तिला हळूच म्हणाल्या, "दोन दिवस, बाई. देवी घरात आहे. चांगलंच असेल तर दोन दिवसांनीही चांगलंच राहील." तिने दिला. त्या दिवशी तुमच्या आईने तिकडून पुन्हा पुन्हा फोन केले आणि इकडे कोणीच उचलेना, ते एवढ्यामुळे.

दिवाणखान्यातला जुना फोन कोणाच्याच लक्षात आला नव्हता. तारेचा फोन. भाऊजींनी तो सवयीने ठेवला आहे. त्यावर कर्ज घ्या, प्लॉट घ्या म्हणणारेच फोन करतात.

नैवेद्याची ताटं वाढून झाली होती, आरती सुरू होत होती. मी स्वयंपाकघरात कढी उतरवत होते. फोनची घंटा मला ऐकू आली. एकदा वाजली, दोनदा वाजली, तिसरी अर्धी वाजून बंद झाली. मी आतूनच विचारलं, कोणाचा आहे? जाऊबाईंचा आवाज आला, "कोणाचा नाही. लोनवाल्यांचा." मग आरती झाली.

आरती संपल्यावर मामी आत आली. म्हणाली, "आई, मी उचलायला गेले होते. माझ्या हाताआधी काकूंनी वायर काढली भिंतीतून."

त्यानंतर त्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. कोणी आवाज चढवला नाही. देवी बसलेल्या होत्या. मी हात धुऊन बाहेर आले. जाऊबाई फोनपाशी उभ्या होत्या, वायर अजून हातात. त्या म्हणाल्या, घराण्याचं आहे हे, माझ्या एकटीचं नाही, तुझंच भलं पाहून राहिली मी. भाऊजी आले, त्यांनी बायकोच्या हातातून वायर घेतली आणि स्वतः गुडघे टेकून ती भिंतीत लावली. त्यांना खाली बसायला वेळ लागतो. तोवर आम्ही सगळे त्यांच्याकडे नुसते पाहत राहिलो.

फोनच्या छोट्या काचेवर नंबर उरला होता. परदेशातला होता.

परातीतले मोबाइल आले. मामीने तो नंबर लावला. पलीकडच्या माणसाची भाषा आम्हाला कळेना. मग तिथे दुसरं कोणीतरी आलं, त्याला हिंदी येत होतं. त्याचं बंदरापाशी दुकान होतं. तो म्हणाला, जहाजावरचे लोक आणले होते, खूप जण, काही भाजलेले. सगळ्यांनी रांगेने माझ्याच फोनवरून घरी फोन केले. मग गाडी आली, घेऊन गेली. कुठे ते माहीत नाही. नावं? नावं कोणी विचारली नाहीत बहनजी.

आता विचार करा. अकोल्याचा तो नंबर मामाला पाठ होता, त्याच्या लहानपणी सगळ्या घराण्यात तोच एक नंबर होता. म्हणजे फोन त्यानेच केला असेल. पण कायमच्या पत्त्याबरोबर तोच नंबर कंपनीकडेही होता. म्हणजे त्याच्याबद्दल सांगायला दुसऱ्याच कोणी केला असेल. भाऊजी म्हणाले, दोन्ही बाजूंनी सारखंच सिद्ध होतं. त्यांना काहीतरी वेगळं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते तसे नाहीत.

जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोलण्यासारखं सगळं मनात होतं, पण ते ऐकायला जी बाई हवी होती ती तिथे नव्हतीच. तिथे एक घाबरलेली म्हातारी उभी होती. मामीने वाकून त्यांना नमस्कार केला. निघताना गाडीत तिचे वडील एवढंच म्हणाले, "तार तोडून बातमी थांबत असती तं काय पायजे होतं."

त्यानंतरचे दिवस अमरावतीत गेले. रोज सकाळी मी दूध तापवलं, वर्तमानपत्राची घडी घातली, फोन पूर्ण चार्ज झालेला आहे ना ते पाहिलं. टीव्हीवर तोवर दुसरी लढाई आली होती. पळणाऱ्या जहाजांचं चित्र मागे पडलं. ते दिसेनासं झाल्यावर मला चुकल्यासारखं वाटायला लागलं, इतकं विचित्र मन होतं. निदान त्या कोपऱ्यातला ठिपका तरी दिसायचा.

मग एका दुपारी मुंबईच्या त्या सभ्य मुलीचा फोन आला. मामा सुखरूप होता. हात भाजला होता, दुसऱ्या मालवाहू जहाजाने त्यांना लांबच्या एका बंदरावर नेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा स्वतःचा फोन येईल म्हणाली. आला. मामीने उचलला, आई इथेच बसल्या आहेत म्हणाली, ऐकलं आणि माझ्या हातात दिला. म्हणाली, तुम्हालाच मागून राहिले.

मी हॅलो म्हटलं. तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, मी, आई. "आई, तूच ना? तूच बोलतेस ना?" मला वाटलं लाइन खराब आहे. मी मोठ्याने, वर्गात बोलावं तसं, सगळं नीट सांगितलं, की आम्ही बरे आहोत, तू कसा आहेस, हात किती भाजला. त्याने एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. मग फोन दुसऱ्या कोणाला द्यायचा आहे म्हणाला.

नागपूरला विमानतळावर आम्ही तिघं गेलो. मामी, मी आणि गाडी चालवायला तिचे वडील. तो बाहेर आला तेव्हा उजव्या हाताला पट्ट्या होत्या आणि डोक्यावर कंपनीची टोपी, कानापर्यंत ओढलेली. बारीक झाला होता. मिशी नव्हती. तो माझ्याजवळ आला आणि नमस्काराला वाकायचं सोडून माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. मामीला वाटलं डोक्यालाही मार आहे. तिने हलक्या हाताने टोपी काढली.

डोकं साफ केलेलं होतं. मी पटकन म्हटलं, भाजलं होतं का रे डोक्याला, म्हणून काढले का केस? व्याह्यांनी मागून पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "दवाखान्यातले लोक शेंडी नाई ठेवत, इनबाई."

मागे खरंच बोटभर शेंडी ठेवलेली होती. मुलगा अशी हजामत कधी करतो ते तुम्हाला माहीत नसेल. आई किंवा बाप गेल्यावर करतो. बाप तर त्याचा आधीच गेला होता.

कोंढाळी मागे पडल्यावर मग तो सांगायला लागला, काचेतून बाहेर पाहत. त्या दुकानदाराचा फोन त्याच्या वाट्याला शेवटी आला होता, गाडी सुटायच्या बेतात असताना. मोबाइलचे नंबर कोणाचे पाठ असतात? अकोल्याचा तेवढा पाठ होता. आणि आज पूजनाचा दिवस, सगळे तिथेच असणार, फोन कोणीही उचलेल, म्हणून त्याला आनंदच झाला. फोन वाजला आणि मेला. पुन्हा लावला तर लागेचना. मग त्याने हिशेब केला, माझ्याच पोटचा तो. महालक्ष्म्यांच्या दिवशी भरदुपारी त्या घरात फोन उचलायला माणूस नाही, म्हणजे महालक्ष्म्या बसलेल्या नाहीत. त्या बसल्या नाहीत, म्हणजे सुतक. "आणि मी तर जिवंत होतो," तो म्हणाला. "मग कोण राहिलं?"

माझ्या हृदयात आदल्या वर्षी जाळी बसवलेली. टीव्हीवर आईने पाहिलं असेल आणि ती गेली असेल, असं त्याने धरलं. दुसऱ्या जहाजावर कॅप्टनकडे फोन होता. मागितला असता तर मिळाला असता. मी विचारलं, मग मागितला का नाहीस? म्हणाला, विचारलं असतं तर कोणीतरी हो म्हणालं असतं. ऐकायचंही नव्हतं आणि तुझं करायचं राहून जायलाही नको होतं. कोकणातला एक जुना खलाशी होता, त्याने डेकवर बसवून वस्तरा फिरवला. दिवस मात्र त्याने नीट पाळले. खाली झोपला, एक वेळ जेवला.

मामी त्याचा चांगला हात धरून बसली होती. वायर कोणी काढली ते तिने सांगितलं नाही, मीही नाही. पुढे कधीतरी त्याला ते कळलंच. पण त्या दिवशी गाडीत बसून जाऊबाईंवर राग काढण्याइतकं बळ आमच्यापैकी कोणातच नव्हतं.

हल्ल्याबद्दल त्याने कारंजा सोडल्यावर सांगितलं, आणि नंतर पुन्हा कधीही नाही. पहाटे तो चहा घेऊन डेकवर आला होता. बंदरातून त्या पाच नौका दिवे न लावता आल्या आणि मुद्दाम उभ्या मालवाहू जहाजांच्या मधून निघाल्या. आडोसा मिळावा म्हणून. शेवटची तर इतकी जवळून गेली, की तिच्यावरची माणसं ओळखू यावीत. पोरंच होती, म्हणाला. ओझं कमी करायला हाताला येईल ते समुद्रात फेकत होती, पेट्या, खुर्च्या, दोरखंडं. एकाने यांच्याकडे पाहून दोन्ही हात हलवले. सरका म्हणत होता, की वाचवा म्हणत होता, ते कळलं नाही. सरकणार कुठे? नांगर टाकलेला, इंजिन थंड. मग विमानं आली. आवाज मागून आला, आधी पाण्याला थरथर सुटली. समुद्राच्या बाजूने क्षेपणास्त्रं आली, त्यातलं एक यांच्या जहाजाच्या मागच्या भागात घुसलं. हे लोक बचावनौकेत उतरले तेव्हा त्या शेवटच्या युद्धनौकेचे दोन तुकडे झालेले होते आणि पाण्यावर तेल जळत होतं.

त्या तेलातून पोहत काही जण यांच्या होडीला येऊन लटकले. मामाने आणि त्या कोकणातल्या खलाशाने जमतील तितके आत ओढले. हात भाजला तो तेव्हा. थोड्याच वेळात जिंकणाऱ्यांची नौका आली. वरून बंदुका रोखलेल्या. आमचे कोण आणि ते कोण, हे अंगावरच्या कपड्यांवरून दिसतच होतं. त्या पोरांना एकेक करून वर मागितलं.

"मीच हात धरून धरून वर दिले," तो म्हणाला. "ज्या हातानं ओढले त्याच. काय करणार होतो, आई?"

आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देऊन पोट भरलं मी.

मोझरीला व्याह्यांनी गाडी थांबवली. गुरुकुंज आश्रमासमोर हमरस्त्याच्या कडेला एका म्हातारीचं चहाचं दुकान आहे, त्यांचं नेहमीचं. आम्ही बाकावर बसलो. उकडत होतं म्हणून मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हातारीने चहा गाळता गाळता त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग शेंडीकडे, मग तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"कोन गेलं रे बापू घरचं?"

व्याही काही सांगायला तोंड उघडणार होते. मामाच बोलला, तिच्याच बोलीत, जी तो लहानपणी अकोल्याच्या मैदानावर शिकला होता.

"घरचं कोनी नाई गेलं, आजी. पन गेले."

आम्हा तिघांना तिने चहा हातात दिला. त्याचा पेला मात्र त्याच्या हातात न देता बाकाच्या टोकाला ठेवला आणि दोन पावलं मागे सरली, सुतक असलेल्या माणसाला देतात तसा. त्याने तो डाव्या हाताने उचलला. मी ज्या हातात पेला घेतला होता तोच हात पुढे करून तिला सांगू शकले असते, की अगं, याने जिचे दिवस पाळले ती मी, ही इथे बसली आहे. पण मग तो गेले म्हणाला ते कोण, हे तिने विचारलं असतं. त्याच्या शेजारी बसून माझा चहा संपवला. चहा फार गोड होता.